चहावालीवर संशय कुणाला आला? एका छोट्या रहस्यपटाचे ट्रायल शो ते थिएटर

तालुक्याच्या गावातला, गाड्यांचं वजन करायचा भुईकाटा, तिथे बदलून आलेली, वजन-मापं तपासणारी वैधमापन निरीक्षक, काटे दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर आणि एक प्रश्न: ठरावीक दिवशी कांद्याच्या ट्रॉलीचं वजन शेतकऱ्याच्या बाजूने पन्नास-साठ किलो जास्त का भरतं? आमचा चित्रपट एवढ्यावरच उभा आहे. रहस्य आहे, प्रेम आहे आणि गावाचा थोडा तऱ्हेवाईकपणा आहे. खेळ आता उतरले आहेत, त्यामुळे उत्तर सांगून टाकतो. ते लपवून प्रेक्षकांच्या प्रतिसादाबद्दल काहीच लिहिता येणार नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर आली की एक चहावाली किटली घेऊन ड्रायव्हरला चहा द्यायला थेट काट्याच्या प्लॅटफॉर्मवर चढते. रिकामी ट्रॉली वजनाला येते तेव्हा ती खाली उभी असते. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं की बाई आणि किटली मिळून साठेक किलो कांदा म्हणून मोजले जातात. क्विंटलला १५०० रुपये भाव धरला तर ९०० रुपये. ती प्रत्येक वेळी पडद्यावर स्पष्ट दिसते, कुठेही लपवलेली नाही.

नाशिक आणि आसपास असे छोटे चित्रपट करणारे बरेच जण आहेत. रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची प्रत, तयार झाल्यावर पुढे नेमकं काय करायचं हे मात्र एका जागी सापडत नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो आहे.

आधी क्रमाबद्दल. सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाल्यानंतर चित्रपटात कापाकापी किंवा भर घातली तर ती मंडळाला कळवून मान्य करून घ्यावी लागते. म्हणून लोकांना दाखवून जे काही बदलायचं ते सगळं त्याआधी. ट्रायल शो आमंत्रितांपुरते आणि बिनतिकीट ठेवायचे, कारण जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतंच. येणाऱ्या प्रत्येकाकडून अर्ध्या पानाच्या कागदावर सही घ्यावी: चित्रण करणार नाही, रहस्य समाजमाध्यमांवर टाकणार नाही. त्या सहीने कायद्याचं फार मोठं संरक्षण मिळत नाही, पण सही केलेला माणूस फोन खिशात ठेवतो.

पहिला ट्रायल शो जुलै २०२५ मध्ये, नाशिकच्या कॉलेज रोडच्या बाजूच्या एका छोट्या सभागृहात. हॉलचं भाडं तीन हजार. प्रोजेक्टर, बारा फुटी पडदा, दोन स्पीकर आणि त्यांचा माणूस मिळून सात हजार. प्रोजेक्टर किमान ४००० ल्युमेनचा मागा आणि हॉल दुपारी बारा वाजता जाऊन बघा. नाशिकच्या बहुतेक छोट्या सभागृहांना उंच झडपा असतात, त्यांना पडदे नसतात. काळा कागद आणि चिकटपट्टी घेऊन जावी लागते. आवाज छतावरच्या भाषणाच्या स्पीकरमधून सोडू नका. संवाद घुमतो, आणि रहस्यपटात एक वाक्य हुकलं की पुढची पंधरा मिनिटं वाया जातात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. पंधरा मीटरच्या साध्या एचडीएमआय केबलमध्ये चित्र मधूनच जातं. लांब अंतराला अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे सिग्नल टिकवणारी, केबल मागून घ्या. लॅपटॉपचं आउटपुट प्रोजेक्टर घेत असेल तर २४ हर्ट्‌झवर ठेवा, नाहीतर कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र धक्के खातं आणि लोक ते संकलनाच्या खात्यावर मांडतात. आलेल्या अभिप्रायातलं काय चित्रपटाचं आणि काय हॉलचं हे नंतर वेगळं काढता येत नाही, म्हणून एवढी काळजी.

प्रेक्षक पंचवीस ते तीस पुरतात. नाटक-सिनेमावाली मंडळी त्यात चार-पाचच्या वर नकोत. ती चांगल्या भावनेने येतात, पण चित्रपट बघत नाहीत, तो दुरुस्त करत बसतात. आम्ही सातपूरच्या कंपन्यांतले कामगार, शिक्षिका, सिडकोतल्या एका महिला मंडळातल्या बायका, कॉलेजची मुलं, निवृत्त बँकवाले असे बोलावले. कुणी कुणाच्या शेजारी बसायचं हे त्यांच्यावर सोडलं. ओळखीची माणसं एकत्र बसली की कुजबुजतात, आणि ट्रायल शोत कुजबुज हवीच असते. दोघांनी पडद्याच्या बाजूला खाली बसून तोंडं प्रेक्षकांकडे ठेवायची आणि वही घेऊन फक्त वेळ लिहायची: किती मिनिटांवर हसले, किती मिनिटांवर फोन उजळले, कधी खुर्च्या करकरल्या. मतं नंतर. दिग्दर्शकाने हॉलमध्ये बसू नये, किमान दिसू नये.

फॉर्म एक पानी, मराठीत, ठळक अक्षरात, आणि पेन्सिली आपल्या. सगळ्यात उपयोगी पडली ती मात्र मध्यंतराची चिठ्ठी. दिवे लागताच प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: ‘आत्ता संशय कुणावर? कशावरून?’ चहा मिळायच्या आधी ती डब्यात पडली पाहिजे, कारण चहाच्या टेबलावर पाच मिनिटांत सगळ्यांचा एकच संशयित होतो. शेवटच्या फॉर्मवर ‘आवडला का’ हा प्रश्न शेवटी. पहिला असा: रहस्य तुम्हाला कुठल्या प्रसंगात कळलं, आणि कळल्यावर पुढे काय व्हावं असं वाटत होतं? या प्रश्नाचा दुसरा भाग आम्हाला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मग कंटाळा कुठे आला, कुठलं माणूस आणखी बघायला आवडलं असतं, आणि चित्रपट कशाबद्दल आहे ते एका ओळीत. फॉर्म गोळा झाल्यावरच गप्पा, त्याही वीस मिनिटांपलीकडे नको. त्यानंतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

नाशिकच्या चिठ्ठ्यांमध्ये बहुतेकांचा संशय नायकावर, म्हणजे कारागिरावर होता. त्याच्याकडे हत्यारांची पेटी, काट्याखालचा वजन मोजणारा लोडसेल कसा बसतो ते त्याला माहीत, त्यामुळे साहजिकच. काहींनी बाजार समितीतल्या कारकुनाचं नाव लिहिलं, कॉलेजच्या मुलांनी सॉफ्टवेअरचं. चहावाली एखाद-दुसऱ्या चिठ्ठीत. कागदावर हे यशच दिसत होतं.

पुढचा शो निफाड तालुक्यात, एका मंगल कार्यालयात, रविवारी संध्याकाळी साडेसातनंतर. रविवारी कांद्याचे लिलाव नसतात. त्याआधी अंधार नसतो आणि त्यानंतर फार उशीर केला तर पहाटे उठणारी माणसं येत नाहीत. इथे प्रेक्षक कांदा-द्राक्ष करणारे शेतकरी, त्यांच्या घरच्या बायका, दोन मापारी, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. चहावाली पहिल्यांदा काट्यावर चढली, विसाव्या मिनिटाच्या आसपास, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, ‘ए मावशी, खाली उतर!’ सगळा हॉल हसला. भुईकाट्यावर रोज हे वाक्य ऐकू येतं. ट्रॉलीवर कोण बसलंय, ड्रायव्हर उतरला का, यावर तिथे सगळ्यांचा डोळा असतो. मध्यंतराला जवळपास निम्म्या चिठ्ठ्यांवर चहावालीचं नाव होतं.

रहस्य फुटलं, म्हणजे चित्रपट पडला, असं वाटायला जागा होती. पण फॉर्म वेगळंच सांगत होते. ज्यांना विसाव्या मिनिटाला कळलं होतं त्यांनी पूर्वार्धात कंटाळा आल्याचं लिहिलं नव्हतं. ‘पुढे काय व्हावं असं वाटत होतं’ या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं: मॅडमला कळू नये. मॅडमला कळावं पण त्यांनी लिहू नये. त्या पोराला कळलं तर तो मॅडमला सांगेल का. (मॅडम म्हणजे निरीक्षक, पोरगा म्हणजे कारागीर.) नाशिकच्या प्रेक्षकांनी चित्रपटाचं वर्णन ‘चोराचा शोध’ असं केलं होतं, निफाडकडच्यांनी ‘बाई पकडली जाते का त्याची गोष्ट’ असं. एकच कट, दोन चित्रपट. आणि दुसरा जास्त चांगला होता.

कंटाळ्याची ठिकाणं दोन्हीकडे सारखीच निघाली, कारणं निराळी. उत्तरार्धातले तीन प्रेमप्रसंग नाशिकमध्ये ‘प्रेम अचानक झालं’ म्हणून खटकले, निफाडकडे ‘इथे गोष्ट थांबली’ म्हणून. त्यांतला एक गोदाकाठचा, पावसातला, चित्रीकरणाला महागात गेलेला. उलट ज्या प्रसंगात प्रेमाचा एकही शब्द नाही तो दोन्हीकडे आवडीचा म्हणून लिहिला गेला: निरीक्षक आणि कारागीर काट्याची पडताळणी करतात तो. वीस-वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं आधी प्लॅटफॉर्मच्या एका कोपऱ्यावर रचायची, आकडा वाचायचा, मग दुसऱ्या कोपऱ्यावर, तिसऱ्या, चौथ्या. चारही कोपऱ्यांवर आकडा सारखा यायला हवा. तो वजनं उचलतो, ती आकडे लिहिते. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती वही ठेवून स्वतः वजन उचलायला लागते, आणि चौथ्या कोपऱ्यावर तो आकडा तिच्या आधी मोठ्याने वाचतो. पहिल्या कटमध्ये हे चाळीस सेकंदांत उरकलं होतं. प्रेक्षकांनी तेच धरून ठेवलं, कारण शोध आणि ओढ तिथे एकाच कामातून पुढे सरकतात. रहस्य आणि प्रेम एकत्र असलेल्या चित्रपटात दोन्हींना वेगवेगळे प्रसंग दिले की प्रत्येक वेळी एक थांबून दुसऱ्याची वाट बघतं.

ऑगस्टभर संकलन. गोदाकाठ पूर्ण गेला. कोपऱ्यांचा प्रसंग अडीच मिनिटांचा झाला. चित्रण होतंच, वापरलं नव्हतं. शेवटी रहस्य उलगडताना चहावालीचे मागचे पाच प्रसंग झरझर दाखवले होते, त्यांतले दोन ठेवले, दीड-दीड सेकंदाचे. ज्यांना कळलेलं नसतं त्यांना तेवढे पुरतात, ज्यांना कळलेलं असतं त्यांचा अपमान होत नाही. सगळ्यात मोठा बदल: निरीक्षकाला सत्य शेवटी कळायचं, ते पाऊण चित्रपट झाल्यावर कळतं असं केलं. नवं चित्रण लागलं नाही. तिने किटलीकडे बघितल्याचा एक न वापरलेला शॉट होता, तो पुढे आणला, आणि दोन संवाद पाठमोऱ्या शॉटवर डबिंगमध्ये बदलले. एका सत्रात काम झालं. लांबी १४२ मिनिटांवरून १२४ वर आली.

निफाडच्या फॉर्मनी आणखी एक काम केलं. संक्रांतीचा उल्लेख असलेल्या प्रसंगात ट्रॉलीत उन्हाळ कांदा होता. जानेवारीत बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ मार्च-एप्रिलपासून निघतो आणि कांदाचाळीत साठवला तरी तोवर संपलेला असतो. शहरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिकडे सातजणांनी लिहिलं. कांद्याचा रंग बदलणं शक्य नव्हतं, संक्रांत काढणं शक्य होतं: एक वाक्य कापलं, भिंतीवरचं कॅलेंडर व्हीएफएक्समध्ये पुसलं. गावाचा चित्रपट गावाला दाखवल्याशिवाय अशा गोष्टी सापडत नाहीत.

सप्टेंबरमध्ये बदललेला कट पुन्हा नव्या तीस माणसांना दाखवला, आधीच्यांपैकी कुणीही नाही. मध्यंतराच्या चिठ्ठ्यांवर नायक आणि चहावाली दोन्ही आले, आणि फॉर्मवरच्या एका ओळीतल्या वर्णनांत ‘सही’ हा शब्द येऊ लागला: ती अहवालावर सही करते का. तिथे कट लॉक केला, म्हणजे संकलन थांबवलं.

प्रमाणपत्राचं काम सेन्सॉर मंडळाच्या मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, अर्ज ‘ई-सिनेप्रमाण’ पोर्टलवर. कागदपत्रांची जुळवाजुळव मात्र चित्रीकरणाच्या आधीपासून सुरू करायला हवी. मराठी चित्रपटाचं शीर्षक अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवता येतं. तिथे उपलब्धता बघूनच पोस्टरचं काम द्या. प्राणी ही दुसरी गोष्ट. एका प्रसंगात बैलजोडी आहे, आणि प्राणी वापरायचे असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला चित्रीकरणाआधी कळवून परवानगी, आणि नंतर ना-हरकत प्रमाणपत्र अशी दोन टप्प्यांची वाट आहे. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगढला आहे, त्यामुळे चकरा मारून काम होत नाही. कागद पहिल्या वेळीच पूर्ण पाठवावे लागतात. प्राण्याची तब्येत ठीक असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणि मालकाची संमती चित्रीकरणाच्या काळातच घेऊन ठेवा, सहा महिन्यांनी बैल विकलेला असतो.

बिडीचाही निर्णय संकलनातच करा. धूम्रपान दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तीस-तीस सेकंदांचे आरोग्य संदेश, वीस-वीस सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना, आणि प्रत्यक्ष दृश्यात खाली ठळक इशारा द्यावा लागतो. आमच्या चित्रपटात एक ड्रायव्हर काट्यावर बसून बिडी ओढत होता, नेमका चहावाली चढते त्या शॉटमध्ये. पडद्याच्या तळाला अक्षरं आली की डोळे तिकडे जातात आणि बाई निसटते. तो शॉट बिडी न पेटवलेल्या टेकने बदलला.

अर्जासोबत कथासार, संपूर्ण संवाद, गाण्यांचे शब्द, श्रेयनामावली, निर्मात्याची कागदपत्रं असं सगळं जातं. संवाद अंतिम कटप्रमाणे उतरवलेले हवेत, जुनं स्क्रिप्ट चालत नाही. बदललेल्या दोन ओळींमुळेही शंका निघते आणि दिवस जातात. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून यूए वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे पोटभाग आहेत, आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही. तपासणी समितीला चित्रपट दाखवला जातो, त्यानंतर काही काढायला सांगितलं तर ते काढून पुन्हा कळवायचं. निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती. तिच्यापुढचं अपील न्यायाधिकरण २०२१ साली रद्द झालं, आता उच्च न्यायालयच. ट्रेलर थिएटरमध्ये दाखवायचा तर त्याचा अर्ज स्वतंत्र, तो सोबतच टाका. वाट बघण्याच्या या काळात सगळ्यात जास्त घालमेल होते आणि त्याच काळात तारीख जाहीर करायचा मोह होतो. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारीख छापू नका.

ट्रेलरमध्ये चहावाली एकाही फ्रेममध्ये नाही, हा चिठ्ठ्यांवरून घेतलेला निर्णय. तिथे ती दिसली असती तर शहरातल्या प्रेक्षकालाही ती शोधायची सवय लागली असती.

थिएटरची प्रत म्हणजे डीसीपी, थिएटरच्या सर्व्हरवर चढवायच्या डिजिटल फाइल्स. सेकंदाला २४ फ्रेम, चित्र स्कोप (जास्त रुंद) असेल तर २०४८ × ८५८, फ्लॅट (कमी रुंद) असेल तर १९९८ × १०८०, आवाज ५.१. प्रत कुलूपबंद केली तर प्रत्येक थिएटरच्या सर्व्हरसाठी वेगळी डिजिटल चावी, केडीएम, लागते, आणि तिला सुरू-बंद होण्याची वेळ असते. पहिल्या खेळाच्या तासभर आधी सुरू होणारी चावी मागू नका; आदल्या दिवशी दुपारपासूनची मागा, म्हणजे चित्रपट चढवून तपासता येतो. आवाजाची तपासणी तर प्रत्यक्ष बसूनच. मिक्सिंग फेडर, म्हणजे थिएटरच्या आवाजाची खुंटी, सातवर धरून होतं, बरीच थिएटर तो चार-साडेचारवर ठेवतात. आमच्याकडे चहावाली चढते तेव्हा प्लॅटफॉर्मचा पत्रा बारीक कुरकुरतो आणि आकडा बदलल्याचा बीप येतो; ही खूण ऐकू आली नाही तर शहरातल्या प्रेक्षकाशी अन्याय होतो. फेडर चारवर ठेवून शेवटच्या रांगेत ती ऐकली, पुरेशी नव्हती, म्हणून अंतिम मिक्समध्ये ते दोन आवाज थोडे वर आणि मागचा बाजाराचा गलका थोडा खाली घेतला. एसीची घरघर धरूनच हा हिशोब करायचा.

तिकिटाचा दर ठरवताना जीएसटी बघा: २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, त्यावर १८ टक्के. शंभराच्या आतलं तिकीट ठेवायला थिएटर तयार असेल तर छोट्या चित्रपटाला ते सोयीचं.

प्रदर्शन या फेब्रुवारीत. नाशिक शहरात मल्टिप्लेक्सला दुपारचे आणि सकाळचे खेळ मिळाले, जिल्ह्यात मोजक्या पडद्यांवर. प्रतिसाद ट्रायल शोंनी सांगितला होता तसाच दोन वाटांनी आला. शहरात लोक बाहेर पडताना एकमेकांना ‘तुला कधी कळलं?’ विचारत होते, आणि काहीजण तेवढ्यासाठी घरच्यांना घेऊन परत आले. काहींना मात्र शेवट पटला नाही. निरीक्षकाने नियम वाकवायला नको होता असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तो आक्षेप योग्य जागी आहे, चित्रपट तोच प्रश्न विचारतो. गुप्तहेरी थरार बघायला आलेल्यांना तो संथ वाटला. पोस्टरवर काट्याचा लाल आकडा आणि अंधार होता, त्यातून अपेक्षा तशी तयार झाली. दुसऱ्या आठवड्यासाठी दोघं वजन उचलतायत तो फोटो लावला आणि ही तक्रार कमी ऐकू आली. तालुक्यांत रहस्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. तिथे बोलणं चहावालीबद्दल, तिने असं का केलं असेल याबद्दल, आणि आपल्या काट्यावर कोण कोण चढतं याबद्दल.

दुसऱ्या आठवड्याचे खेळ थिएटर सोमवार-मंगळवारच्या गर्दीवर ठरवतात, त्यामुळे पहिल्या रविवारनंतर हात आखडू नका. सोमवारी एखादा गट, महिला मंडळ, महाविद्यालय, ठरवून आणा. तालुक्याच्या ठिकाणी सकाळचा खेळ घेऊन उपयोग नाही, त्या वेळी ट्रॉल्या लिलावाच्या रांगेत असतात. संध्याकाळी सहाचा मागा. आणि मार्चच्या मध्यानंतर नाशिक जिल्ह्यात गावाकडच्या प्रेक्षकासाठी काही लावू नका: द्राक्षाची काढणी संपत आलेली असते आणि उन्हाळ कांद्याची सुरू झालेली, घरात दुपारी झोपायलाही माणूस सापडत नाही.